‘नकार’ हा शेरा पुसा: आमच्या पंचायतीला आणि आरोग्य केंद्राला खुले पत्र

प्रति,
माननीय सरपंच, पंच सदस्य आणि आमच्या आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

पंचायतीच्या फलकावर गेल्या सोमवारी लागलेली सूचना मी तिथेच उभी राहून तीनदा वाचली. ज्येष्ठांमधील उदासीनतेमुळे पुरेसा प्रतिसाद मिळत नाही, म्हणून फ्लूच्या लशीचे शिबिर यंदा होणार नाही, एवढाच मजकूर. खाली सही आणि शिक्का. शिबिर रद्द झाल्याचे दुःख आहेच, पण हे पत्र मी ‘उदासीनता’ या शब्दासाठी लिहीत आहे.

गावाचे नाव मी मुद्दाम घातलेले नाही. कोणाला चारचौघांत खाली बघायला लावावे असे मनात नाही. ज्यांना हे पत्र आहे त्यांना ते कळेल, आणि ज्यांच्या गावी असेच चालले आहे त्यांनाही.

गेल्या वर्षी शिबिर झाल्यावर नर्सबाई आमच्या ओसरीवर बसून घरोघरच्या नोंदींची वही पुरी करत होत्या. आईची नोंद दाखवता का, असे मी विचारले. त्यांनी दाखवली. आईच्या नावापुढे लाल शाईने ‘नकार’ लिहिलेले होते. मराठी शाळेत पस्तीस वर्षे मीही शेरे लिहिले. ‘वाचनाकडे लक्ष नाही’ असा शेरा मी एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात लिहिला होता आणि दोन महिन्यांनी त्याला चष्मा लागला. तो शेरा मी अजून विसरलेली नाही. म्हणून नर्सबाईंना मी दोष देत नाही. वहीत रकाना एकच होता, त्यांनी तो भरला.

पण माझ्या आईने आयुष्यात लशीला कधी नाही म्हटलेले नव्हते. तिच्या दंडावर देवीच्या लशीचे दोन गोल व्रण होते, पोर्तुगीज अमदानीतले. देवी काढताना आपण रडलो नाही, हे ती नातवंडांना पुनःपुन्हा सांगायची. त्याच नातवंडांना पोलिओच्या रविवारी काखेत मारून तीच घेऊन जायची. २०२१ च्या मार्चमध्ये साठीपुढच्यांना करोनाची लस खुली झाली, तेव्हा शेजारीपाजारी अजून एकमेकांना विचारत होते, आणि ही फुलांची परडी हातात घेऊन रांगेत जाऊन बसली. टोचणाऱ्या मुलीने सांगितले, आजी, दोन दिवस ताप येईल. आई म्हणाली, ‘आज बुधवार. सोमवारापर्यंत उतरेल ना?’

सोमवारी देवाची पालखी असायची आणि पालखीला तिचा अबोलीचा वळेसर, म्हणजे फुलांची माळ, लागायची. चाळीस वर्षांचा नेम होता तो. रविवारी दुपारी केळीच्या सोपटाचा दोरा भिजत घालायचा, संध्याकाळी फुले काढायची, पहाटे ओवायला बसायचे. आजारी पडायचे तर मंगळवारी, अशी तिची सोय होती. लस तिने घेतली ती सोमवार चुकू नये म्हणून.

पुढे दोन वर्षांनी देवळासाठी फुले बाहेरून आणायचे ठरले. ठरवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. ‘आजी, पुरे झाली दगदग, आता आराम करा,’ असे सांगायला दोघे घरी आले, नारळ दिला, शाल घातली. झेंडूच्या माळा टेम्पोने येऊ लागल्या. आईने वाफ्याला पाणी घालणे बंद केले. मी घालायला गेले की म्हणायची, राहू दे गो.

गेल्या जुलैत मी तिला म्हटले, आई, चल, फ्लूची लस घेऊन येऊ. ती म्हणाली, ‘म्हाका आतां कित्याक?’

त्या बोलण्यात सुईची भीती नव्हती. मोबाइलवर ऐकलेली कुठली वावडी नव्हती. रागही नव्हता. मला आता कशाला, असे ती मला खरेच विचारत होती आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. मी गप्प बसले. ही चूक माझी.

ऑगस्टमध्ये तिला ताप भरला. तपासणीत इन्फ्लुएन्झा निघाला, पाठोपाठ न्यूमोनिया. अकरा दिवस इस्पितळात होती. घरी आली ती खाटेवरच राहिली. चवथ झाली आणि पितृपक्षात ती गेली. लस घेतली असती तर आई वाचली असती, असे मी म्हणणार नाही. म्हाताऱ्या शरीरात ही लस तरुणाइतकी जोर धरत नाही, आजार जिवावर बेतण्याचा धोका ती कमी करते, इतके मला डॉक्टरांनी नीट समजावले आहे. माझे म्हणणे वहीतल्या त्या एका शब्दाबद्दल आहे. तिला सोमवार उरला नव्हता. हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

हा माझ्या एकटीच्या घरचा भावनेचा प्रश्न आहे असे कोणाला वाटेल, म्हणून शोधून वाचलेले थोडे इथे मांडते. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या सात हजारांहून अधिक माणसांच्या सहा वर्षांच्या माहितीवर केलेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या जगण्याला दिशा आहे, आपल्याला करण्यासारखे काही आहे, असे माणसाला किती वाटते ते प्रश्न विचारून मोजले होते. ज्यांना ते अधिक वाटत होते ती माणसे कोलेस्टेरॉलची आणि मोठ्या आतड्याची तपासणी अधिक करून घेत होती. बायका स्तनांची आणि गर्भाशयमुखाची, पुरुष प्रोस्टेटची. इस्पितळात काढाव्या लागलेल्या रात्रीही त्यांच्या वाट्याला कमी आल्या. फ्लूच्या लशीबाबत मात्र त्या अभ्यासात असा संबंध दिसला नाही. हे माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते, तरी सांगते, कारण अर्धे सांगून मला काही मागायचे नाही. पुढे २०२१ मध्ये करोनाच्या लशीबद्दलचा अमेरिकेतलाच एक अभ्यास आला. त्यात ज्यांना जगण्याचा हेतू अधिक जाणवत होता ती माणसे लस घ्यायला अधिक राजी असल्याचे दिसले.

असे अभ्यास दोन गोष्टी सोबत चालतात एवढेच दाखवतात. एकीमुळे दुसरी होते हे त्यातून सिद्ध होत नाही. धडधाकट माणसाला कामही असते आणि रांगेत उभे राहायचे बळही. पण मला त्यातून एक दिसते. अंगवळणी पडलेली लस माणूस फारसा विचार न करता घेतो. लस नवी असली, मनात धाकधूक असली, चालून जाऊन घ्यायची असली, की ‘कशासाठी?’ हा प्रश्न मोठा होतो. आपल्या गावातल्या म्हाताऱ्यांना फ्लूची लस नवीच आहे. बालकांच्या लशींसारखी ती सरकारी वेळापत्रकातून दारात येत नाही. आपल्याकडचे शिबिरही देणगीतून झाले होते.

टोचल्यानंतरचे काम शरीराने करायचे असते, आणि त्यातही मन मध्ये येते. १९९६ मध्ये ओहायो राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नवऱ्याची किंवा बायकोची सेवा करणाऱ्या ३२ जणांची तुलना तेवढ्याच, पण अशी जबाबदारी नसलेल्या लोकांशी केली. फ्लूची लस दोघांनाही दिली होती. सेवेने थकलेल्यांच्या शरीरात तिचा परिणाम कमी झाला. ब्रिटनमध्ये ज्येष्ठांच्या एका अभ्यासात, वर्षभरात जवळचे माणूस गमावलेल्यांमध्ये फ्लूच्या काही विषाणूंविरुद्ध प्रतिपिंडे कमी तयार झाली. ओहायोतल्या त्या माणसांकडे काम नव्हते असे नाही, उलट डोंगराएवढे होते. म्हणजे काम असले की झाले असेही नाही. एकट्याने ओढायचे ओझे निराळे आणि आपली कोणीतरी वाट पाहत आहे म्हणून करायचे काम निराळे. वैद्यकातही लशीला शरीराने दिलेल्या उत्तराला ‘प्रतिसाद’च म्हणतात. तो मिळाला नाही तर डॉक्टर रोग्याला उदासीन म्हणत नाहीत, कारण शोधतात.

आता आमच्या तक्रारी. आमच्या म्हणते, कारण हे लिहिण्यापूर्वी मी वाड्यावरच्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाशी बोलले आहे.

शिबिर जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ठेवले गेले. आपल्याकडे फ्लूचा जोर पावसासोबत येतो आणि लस टोचल्यापासून शरीर तयार व्हायला साधारण दोन आठवडे जातात. विषाणू रूप बदलत राहतो म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते, म्हणजे दरवर्षी वेळ साधावीच लागणार. गोव्यातला माणूस पावसाची तयारी मे महिन्यात करतो. सोलां वाळतात, मिरच्या वाळतात, सुकी मासळी डब्यांत जाते, लाकडे आडोशाला रचली जातात. या बेगमीला आम्ही पुरुमेंत म्हणतो, आणि पुरुमेंताशिवाय आमच्या घरांत मृग लागत नाही. लस त्या पुरुमेंतात असायला हवी होती. भर पावसात, घराघरांत खोकला सुरू झाल्यावर ती आली.

जागेचे तर काय सांगावे. २०२१ मध्ये ‘टीका उत्सव’ या लसीकरण मोहिमेत करोनाची लस गावोगावच्या पंचायतींपर्यंत आली होती. गेल्या वर्षी मात्र आम्हाला सहा किलोमीटरवरच्या केंद्रात बोलावले. सकाळी बस एक, परतीची दुपारी. भाड्याने दुचाकीवरून नेणाऱ्या मोटारसायकल पायलटच्या मागे ऐंशी वर्षांची बाई पावसात कशी बसणार? भाड्याची गाडी केली तर निराधारांच्या पेन्शनमधला मोठा तुकडा गेला. तिथे हातात दिलेला संमतीचा कागद इंग्रजीत होता. आमच्यातले कितीतरी जण मराठी पोथी घडघडा वाचतात. त्यांना अंगठा देणाऱ्यांसारखे ‘इथे सही करा’ म्हणून बोट दाखवले गेले.

या तक्रारी किरकोळ वाटल्या तरी चालेल, त्या एका दुपारी सुटतील. पुढची सुटायला वेळ लागेल, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते.

या गावाने गेल्या सात-आठ वर्षांत म्हाताऱ्या माणसांच्या हातातले एकेक काम काढून घेतले आहे. कोणी वाईट बुद्धीने काढले नाही. ‘आराम करा’ म्हणत काढले. पंचायतीच्या वाचनालयात एक निवृत्त पोस्टमन दुपारी मुलांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला बसवायचे. ती खोली आता खुर्च्या आणि ताडपत्र्या ठेवायला आहे. शिगम्याच्या आधी महिनाभर एक आजोबा पोरांना नमन आणि जत ही गाणी शिकवायचे, घुमट वाजवताना कोणाचा हात चुकला की डोळे मिटूनही त्यांना कळायचे. आता पोरे मोबाइलवर ऐकून बसवतात, आणि आजोबांना पहिल्या रांगेत खुर्ची मिळते. अंगणवाडीत गोष्ट सांगायला जाणाऱ्या बाईंना बाहेरच्या माणसांनी येऊ नये असे सांगितले गेले. आईची फुले मी वर सांगितलीच.

घरांतही माणसे राहिलेली नाहीत. २०११ च्या जनगणनेत केरळनंतर ज्येष्ठांचे प्रमाण सर्वाधिक होते ते गोव्यात, शंभरांत अकरांच्या आसपास. तेव्हापासून आमच्या वाड्याने आणखी तरुण माणसे घालवली. माझा भाऊ बोटीवर आहे, बहीण आखातात. बारा घरांपैकी सात घरांत फक्त म्हातारी माणसे, त्यांतल्या चारांत एकेकटी. दार वाजले तर ते बहुधा विजेचे बिल घेऊन आलेल्या माणसाचे असते. अशा माणसाला आपण वर्षातून एकदा विचारतो, लस घेता का? जगायचे आहे का, असेच ते त्याच्या कानाला ऐकू येते, आणि उत्तर द्यायला त्याच्याजवळ आदल्या दिवशीचा किंवा दुसऱ्या दिवशीचा काही आधार नसतो.

माझी मामेबहीण सत्तरी तालुक्यात राहते. तिकडे २०१५ पासून माकडतापाने माणसे दगावली. काजूच्या बागायतीत गोचिडी चावून तो होतो, आणि माकडे मरून पडू लागली की लोक समजून घेतात. त्या तापाची लस द्यायला आरोग्य कर्मचारी गावात येत, तेव्हा तिने प्रत्येक डोस घेतला. ती सुई दुखायची, एकदा घेऊन भागत नसे, महिन्याने पुन्हा, काही महिन्यांनी पुन्हा. कितीतरी जणांनी अर्ध्यावर सोडली. तिला मी विचारले, तू कशी काय टिकलीस? तिला माझा प्रश्नच कळला नाही. ‘फेब्रुवारी लागला की बोंडू पडू लागतात. मी घरी बसले तर काजू पुंजावणार कोण?’ ती चौसष्ट वर्षांची आहे, माझ्या आईहून अधिक शिकलेली नाही.

आमच्याच गावातही हे दिसले होते. २०२१ मध्ये तुम्ही पंच मंडळी स्वतः दारोदार आला होतात. ज्येष्ठांना नुसते बोलावले नव्हते, कामे दिली होती. नावे पुकारायला ते पोस्टमन होते. दूरवरून आलेल्यांना बसवून पाणी द्यायला भजनी मंडळातल्या बाया होत्या. त्या दिवशी या गावात उदासीन कोण होते? माणसे तीच आहेत.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, माझ्या बोलण्याचा उलटा अर्थ निघू नये म्हणून. ज्याच्याकडे काम आहे, उमेद आहे, त्यालाच लस द्यावी असे मी म्हणत नाही. ज्याला उद्याचे काहीच दिसत नाही त्याचाही लशीवर तेवढाच हक्क आहे, आणि त्याने खरोखर विचार करून नको म्हटले तर त्याच्या शब्दाचाही मान राखायला हवा. पण खरोखर विचार करून, हे कोणीतरी त्याच्याशेजारी बसल्याशिवाय कळत नाही.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत.

फलकावरची सूचना काढावी आणि शिबिर येत्या मे महिन्यात, दुसऱ्या आठवड्यापर्यंत घ्यावे. केंद्रात नको, देवळाच्या अग्रशाळेत किंवा अंगणवाडीत घ्यावे. सोमवारी सकाळी आरतीनंतर, कारण त्या वेळी माणसे तशीही तिथे येतात. जी उठू शकत नाहीत त्यांच्या घरी नर्सबाईंनी जावे, त्यांच्यासोबत गाडी द्यावी. लशीचा खर्च गेल्या वर्षी देणगीतून निघाला. यंदा देणगी नसेल तर ग्रामसभेत विषय ठेवा, आम्ही वर्गणी काढू, पण पंचायतीने आपला वाटा उचलावा. पुढच्या वर्षापासून ही तारीख मार्चमध्येच ठरलेली असावी.

संमतीचा कागद मराठीत आणि कोंकणीत हवा. तो मी लिहून देते. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तपासावा, पैसे नकोत.

वहीतला ‘नकार’ हा रकाना बदला. तिथे ‘का?’ असे विचारून मिळालेले उत्तर त्या माणसाच्या शब्दांत लिहावे, आणि पंधरा दिवसांनी ओळखीच्या माणसाने पुन्हा जावे. माझ्या आईच्या नावापुढचा शेरा पुसून तिथे तिचे शब्द लिहावेत. तिला आता त्याचा उपयोग नाही. मला आहे.

शिबिराच्या दिवशी आणि त्याआधीचा आठवडाभर कामे ज्येष्ठांकडे द्यावीत. नावे पुकारणे, वाड्यावाड्यावर निरोप देणे, लस घेतल्यावर अर्धा तास बसणाऱ्यांना कोकम सरबत देणे, दुसऱ्या दिवशी ताप आला का ते विचारायला जाणे. मानाची खुर्ची नको, काम द्या. वाचनालयाची खोली मोकळी करून चावी त्या पोस्टमन गृहस्थांच्या हाती द्यावी. त्यांना मी विचारले आहे. ताडपत्र्या ठेवायला माझी पडवी रिकामी आहे.

शेवटची मागणी देवस्थान समितीतल्या त्या दोघांकडे, कारण ते पंचायतीतही आहेत. आईचा अबोलीचा वाफा मी पुन्हा लावला आहे आणि तो फुलू लागला आहे. वळेसर मला तिच्यासारखा जमत नाही, पण पलीकडच्या घरातल्या आजींना जमतो. त्या एकोणऐंशी वर्षांच्या आहेत, एकट्या राहतात, आणि गेल्या वर्षीच्या वहीत त्यांचे नाव आईच्या खालीच आहे. झेंडूच्या माळा येऊ देत. पालखीला एक वळेसर आमच्या वाड्यावरून घ्या. त्यांना विचारायला मात्र तुम्ही या. मी विचारले तर ती शेजारणीची दया वाटेल.

पावसाला सात आठवडे आहेत. नर्सबाई वही घेऊन केव्हा येणार, तेवढे कळवावे. मी घरीच असते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
उत्तर गोवा